‘जुलाब’ हिंदीत तसाच ठेवावा का?

नागपुरातील एका परिचारिकेने विचारले आहे की, रुग्णांना विचारायच्या प्रश्नांची मराठी यादी हिंदीत करताना ‘जुलाब होत आहेत का?’ यातला ‘जुलाब’ तसाच ठेवला तर चालेल का, कारण तो शब्द हिंदीतही आहे.

माझ्या मते चालणार नाही. शब्द एकच असला तरी त्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. मूळ फारसी ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. अरबीने त्याचा ‘जुलाब’ केला, तो औषधी सरबताला लागू झाला आणि पुढे रेचकाला. मराठीने हे औषधही ठेवले आणि त्याचा परिणामही: ‘एरंडेलाचा जुलाब घेतला’ आणि ‘रात्रीपासून जुलाब लागले’ ही दोन्ही वाक्ये आपल्याला खटकत नाहीत. हिंदीत मात्र जुलाब म्हणजे मुख्यतः पोट साफ करण्याचे औषध, आणि विकाराला म्हणायचे ‘दस्त’.

हा फरक मी एका रुग्णालयात प्रत्यक्ष ऐकला आहे. बालाघाटकडील एका म्हातारीला तरुण डॉक्टरांनी विचारले, “माँजी, जुलाब है क्या?” ती म्हणाली, “नहीं बेटा, हमने कोई दवा नहीं ली.” डॉक्टर ‘नाही’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळणार, इतक्यात तिची सून बोलली, “सुबह से आठ बार गई हैं.”

उलट बाजूने ‘दस्त’ फसवा आहे. मराठी माणसाचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवला जातो. फारसी ‘दस्त’ म्हणजे हात, त्यातूनच ‘दस्तऐवज’. नागपूरकराला हिंदीची सवय असल्याने तो क्वचितच अडखळतो, पण कोल्हापूर-साताऱ्याहून शिकायला आलेला विद्यार्थी अडखळू शकतो. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्याची सीमा बदलली तरी छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडच्या लोकांची उपचारासाठी इकडे येण्याची वाट मोडलेली नाही, त्यामुळे हा प्रश्न इथे रोजचा आहे.

‘अतिसार’ दोन्ही भाषांत चालतो, पण तो छापील कागदावरचा शब्द. पोट बिघडलेला माणूस तो उच्चारत नाही. ‘लूज मोशन’ शहरात कळते, खेड्यातून आलेल्या वृद्धांना कळेलच असे नाही. म्हणून हिंदी प्रतीत ‘पतले दस्त हो रहे हैं क्या? कल से कितनी बार?’ असे लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार दिवसात ३ किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे म्हणजे अतिसार, तेव्हा नुसत्या ‘हो-नाही’पेक्षा आकडा अधिक उपयोगी पडतो.

मराठी प्रतीतला ‘जुलाब’ बदलण्याचे कारण नाही. फक्त रेचक घेतले का, हेही विचारायचे असेल तर तिथे ‘जुलाबाचे औषध’ असे पूर्ण लिहावे.