शुक्रवार पाचपर्यंत उत्तर द्या म्हणाले, आणि हवी ती नोकरी अजून लटकलेली

"मॅडम, दुसरीकडची ऑफर आलीय हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना वाटेल का की मी दबाव टाकतेय?"

हा प्रश्न मला महिन्यातनं दोन-तीन जण तरी विचारतात. आज त्यातली एकच केस सांगते, तिला विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी मेकॅनिकल डिप्लोमावाली, चार वर्षं चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या व्हेंडरकडे क्वालिटीत, राहायला मोशीत. कस्टमर कंप्लेंट आली की एट-डी, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट, भरा, लाइन रिजेक्शन का वाढलं त्याचं उत्तर द्या, रात्रपाळीच्या सुपरवायझरशी भांडा, यात ती पार पिचली होती. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. रांजणगावच्या कंपनीने ऑफर लेटर मेल केलं, वर्षाला सात लाख वीस हजार, काम साधारण आत्ताचंच, उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तळेगावच्या कंपनीत फायनल राउंड होऊन नऊ दिवस झालेले, तिथे नवीन पार्ट डेव्हलपमेंटचं काम, जे तिला मनापासून हवं होतं आणि मोशीहून जायलाही सोपं, पण तिकडून फक्त "एचआर विल गेट बॅक". माझ्याकडे आली ती बुधवारी संध्याकाळी.

घरून आईचा फोन चालू, हातचं सोडून पळत्यापाठी लागू नको. रूममेट म्हणते सरळ सांग दुसरीकडे नऊ लाख मिळतायत, मग बघ कसे धावत येतात. आणि हिने स्वतः एक मेल लिहून आणला होता, दीड पानाचा, त्यात चार वेळा 'सॉरी' आणि दोन वेळा 'तुमचा अमूल्य वेळ'.

मी आधी मेल बाजूला ठेवला आणि रांजणगावचं लेटर वाचायला घेतलं, कारण बहुतेक जण आकडा बघतात आणि लेटर वाचतच नाहीत. सात वीसला बारानं भागून ती महिना साठ हजार धरून बसली होती. त्यात साठ हजार वर्षाचं व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा, हमी नसलेला भाग, कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिक चोवीस हजारवर १२ टक्के म्हणजे महिना २,८८० रुपये, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, जी साधारण पाच वर्षं टिकलात तर हातात पडते, हे सगळं मोजलेलं. हे वजा केलं तर महिन्याला ५१ हजारच्या आसपास, आणि त्यातनंही तिच्या वाट्याचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स कापून हातात ४८ हजारच्या आत. चेहरा पडला तिचा, पण कुठली नोकरी किती हवीय हे ठरवायला हा हिशेब आधी लागतो. तळेगावला तोंडी सहा नव्वद बोलणं झालं होतं, त्यात व्हेरिएबल नाही. म्हणजे पैशाचा फरक जवळपास नव्हताच.

मग तिच्या खऱ्या भीतीकडे आलो. ती भीती अगदीच खोटी नाही. मी स्वतः अकरा वर्षं एचआरला होते, त्यामुळे त्या बाजूला काय ऐकू येतं ते मला माहितीये. आपल्याकडे नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा, त्या दोन-तीन महिन्यांत लोक हातातली ऑफर घेऊन आणखी चार दारं फिरतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन स्विच ऑफ. एका जागेसाठी तीन-तीन वेळा असं झालेलं मी बघितलंय, आपण लॅपटॉप मागवून ठेवलाय आणि माणूसच गायब. त्यामुळे "माझ्याकडे ऑफर आहे" एवढंच बोललात की एचआरच्या डोक्यात घंटी वाजते, हा पण भाव वाढवतोय. म्हणून वाक्य कसं सुरू होतं त्यावर बरंच अवलंबून असतं. लग्नाच्या बोलणीत कसं, "आम्हाला दुसरंही स्थळ आलंय" हे म्हणायच्या दोन पद्धती असतात, एकीत समोरचा दुखावतो आणि दुसरीत घाईने पत्रिका घेऊन येतो.

आणि खोटं नाही बोलायचं. रूममेटचा नऊ लाखांचा सल्ला मी तिथेच खोडला, कारण समोरचा सहज म्हणतो "लेटर पाठवा ना". मागे एका मुलाने पीडीएफमध्ये आकडा बदलून पाठवला होता, दोन्हीकडचे एचआर आधी एकाच कंपनीत काम केलेले निघाले, पुढचं सांगत नाही. खरं लेटर मागितलं तरी ते सरसकट पाठवायची गरज नाही, बऱ्याच लेटरवर गोपनीय लिहिलेलं असतं, आकडे झाकून तारखेपुरतं दाखवता येतं, आणि कोणी फारच मागे लागला तर "ते माझ्याकडून बरोबर होणार नाही" म्हटलेलं चांगल्या एचआरला उलट आवडतं.

गुरुवारी सकाळी तिने दोन फोन केले, क्रम महत्त्वाचा. पहिला रांजणगावला, मुदत वाढवून मागायला. हे लोक विसरतातच! मुदत त्यांनी घातलीय म्हणजे ती दगडावरची रेघ नाही, फक्त ती संपायच्या आत विचारायचं. भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्याच्या कलम ६ मध्येच आहे की दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपला, त्यामुळे शुक्रवारी सहाला मेल करून "थोडा उशीर झाला" म्हणायला अर्थ नसतो. तिने घरी बोलायचंय म्हणून सोमवार मागितला, जे खरंच होतं, शनिवार-रविवार ती बार्शीला जाणार होती. सोमवारी दुपारी दोनपर्यंत मिळाला, आणि तसा मेलही मागून घेतला.

दुसरा फोन तळेगावच्या एचआरला. ज्या मॅनेजरनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना नाही, त्यांना थेट फोन केला की एचआरला वाटतं आपल्याला ओलांडून गेली. फोन झाल्यावर तेच मेलवर. तिचं दीड पान आम्ही एवढ्यावर आणलं होतं: "मला दुसरीकडून लेखी ऑफर आलीय, त्यांना सोमवारी दुपारपर्यंत कळवायचंय. माझी पहिली पसंती तुमच्याकडचं काम आहे. तुमचा निर्णय त्याआधी होण्यासारखा आहे का? नसेल तर साधारण कधी, तेवढं सांगितलंत तर मला ठरवता येईल." पगाराचा आकडा नाही, कंपनीचं नाव नाही, सॉरी तर नाहीच. बोलणं अर्धं हिंदीत झालं, पण मुद्दे हेच.

एचआर म्हणाला, "अच्छा किया बता दिया," आणि संध्याकाळी परत फोन. इथेच ती घसरली असती. तो म्हणाला सगळं ओके आहे, फक्त प्लांट हेडचं अप्रूव्हल बाकी, "आप उनको मना कर दो, हमारा पक्का है." तिने मला फोन केला तेव्हा आवाजात पेढे होते. मी विचारलं लेटर कधी? ते विचारलंच नव्हतं. मी म्हटलं पक्कं म्हणणारा माणूस खोटं बोलत असेल असं नाही, पण त्याच्या हातात सही नाहीये, परत विचार, सोमवारी बारापर्यंत लेटर किंवा निदान सॅलरी लिहिलेला मेल येईल का. तिने विचारलं. शुक्रवारी उत्तर आलं, जरा ओशाळून, की हेडकाउंटचं, म्हणजे ही जागा भरायचंच, अप्रूव्हल वर अडकलंय, दोन-तीन आठवडे लागू शकतात, तुम्ही आमच्यासाठी थांबू नका.

सोमवारी दीड वाजता तिने रांजणगावला होकार कळवला आणि मग मला फोन करून रडली. "मी सांगितलं म्हणून गेलं का?"

नाही. अप्रूव्हल तिच्या फोनच्या आधीपासून अडकलेलं होतं, नऊ दिवसांची शांतता त्याचीच होती. न सांगता थांबली असती तर तिने रांजणगावला नाही म्हटलं असतं आणि तीन आठवडे इनबॉक्स रिफ्रेश करत बसली असती, आणि चाकणमधून तोवर चिडून राजीनामाही टाकला असता, तिचा स्वभाव बघता. हे मी तिला सांगितलं, पण त्या दिवशी तिला ते पटलं नाही, आणि मीही ताणलं नाही. हवी ती गोष्ट गेल्याचं वाईट वाटणारच, त्यावर मी कितीही बरोबर बोलले तरी काय उपयोग.

नोटीस संपवून ती रांजणगावला रुजू झाली, मोशीची खोली सोडून शिक्रापूरला राहायला गेली. चार महिन्यांनी तळेगावच्या त्याच एचआरचा तिला फोन आला, जागा आत्ता उघडलीय, अजून इंटरेस्ट आहे का. तिने त्याला सांगितलं की एक वर्ष तरी इथे काढणार, त्यानंतर चालेल, नंबर ठेवा. मला हे सगळं उरकल्यावर कळवलं, व्हॉट्सअॅपवर, खाली एवढंच की "या वेळी तुम्हाला विचारलं नाही मॅडम, फी वाचवली."