बरड जमीन, इस्राईलचं ठिबक आणि आठशे टँकर

भाऊ, सिंदखेडा तालुक्यात चार एकर बरड घेतलंय, वीतभराखाली मुरूम लागतो, आणि इस्राईलने वाळवंटात मळे फुलवले तसं ठिबक टाकून इथे जमेल का, असं तुम्ही विचारता. जमेल. फक्त ठिबकपासून सुरुवात करू नका.

ठिबक पाणी वाटतं, आणत नाही. इस्राईलच्या नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, १९६५ साली ठिबकचा कारखाना निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी गॅलिली सरोवराचं पाणी दक्षिणेला नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली होती. इस्राईलच्या शेतीच्या व्हिडिओत नळी दिसते, ही वाहिनी दिसत नाही.

मला त्याच नेगेवमधली जुनी शेती आपल्या जास्त कामाची वाटते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक जेमतेम १०० मिलिमीटर पावसावर पिकं घ्यायचे. एका एकराला वीस-तीस एकर टेकडीचं वाहतं पाणी वळवून! मायकेल एव्हेनारी या शास्त्रज्ञाने नेगेवमधल्याच अवदातला तशी शेतं पुन्हा उभी करून फळझाडं वाढवून दाखवली.

आता तुमचा हिशेब करा. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी एकरी २० लाख लिटर, चार एकरांवर ८० लाख. दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर आठशे. सगळं हाती लागत नाही हे खरं, पण आज त्यातलं किती नाल्यात जातं ते बघितलंय का? येत्या पावसाळ्यात जोराची सर आली की छत्री घेऊन बांधावर उभे राहा. पाणी कुठून शिरतं, कुठून निसटतं, ते चुन्याने आखून ठेवा. बांधबंदिस्ती त्या रेघांवर करायची. शेततळं घेणार असाल तर मुरमात पाणी टिकत नाही, तळाला प्लॅस्टिकचा कागद लागणारच.

बोअर घाईने मारू नका. धुळे-नंदुरबार भागात दगडी भिंतीसारखे डाईक जमिनीतून गेलेत. अशा डाईकच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला नुसता फुफाटा, असं मी शेजारच्या दोन बोअरमध्ये पाहिलंय.

आणि माझी फसगत ऐका. २०१८ साली मी तलावाचा गाळ आणून बरडावर फूटभर पसरला. काळीभोर माती बघून छाती फुगली होती. नांगरून मुरमात मिसळायला हवी होती, पण ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नाना, काही गरज नाही," आणि मलाही पैसे वाचवायचे होते. वर लिंबू लावले. बारीक माती भरड मुरमावर बसली की ती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय पाणी खाली सोडत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं कुजली, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग आला, चाळीसेक झाडं गेली. बरडावर झाडं बुडून मेली म्हटलं की आजही लोक हसतात.

हेच मोठ्या प्रमाणावर राजस्थानात थरच्या वाळवंटात झालं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं, हनुमानगढ-गंगानगरकडे पिकं डोलली. पण काही पट्ट्यांत खाली जिप्समचा कठीण थर होता. पाणी मुरेना, वर चढलं, सोबत क्षार घेऊन आलं. तिकडे त्याला 'सेम' म्हणतात. कोरड्या मुलखात पाणी आणायची जेवढी धडपड करतो तेवढी ते बाहेर काढायची करत नाही, तिथे शेत हातचं जातं. आपल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे नदीवर बंधारा घालून गावाने मिळून पाटाने पाणी द्यायच्या जुन्या पद्धतीत मात्र जुन्या लोकांनी पाटाइतकाच सांडमाचाही विचार केला होता. जास्तीचं पाणी त्या सांडमांतून परत नदी-नाल्याला जायचं.

तेव्हा गाळ तीन-चार इंचच टाका, खोल नांगरून मिसळा. पहिल्या पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडा, जमीन चोपण (क्षारांनी बिघडलेली, चिकट) निघाली तर तागाऐवजी धैंचा. दुसऱ्या वर्षी दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन सीताफळ लावा, बांधाला शेवगा. केळीचं नाव काढू नका, ती तापीकाठच्या गाळाच्या जमिनीची लेक आहे. ठिबक तेव्हा टाका, झाडाबरोबर.

माती आणि शेजारच्या विहिरीचं पाणी तपासून घेतलंत तर अहवालातले सामू (pH) आणि क्षारतेचे आकडे इथे टाका. पाणी खारट निघालं तर सीताफळाऐवजी बोर लावायला सांगेन.