घर लिहून देण्यापूर्वी

ज्येष्ठ वाचकांच्या पत्रांत घर मुलांच्या नावावर करण्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्याआधी दोन छोट्या शंका.

मृत्युपत्राची नोंदणी केली नाही तर ते रद्द ठरते का? (कळवा, ठाणे)

नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत, नोंदणी ऐच्छिक आहे.

सोसायटीत पुतण्याला नॉमिनी केले आहे. सदनिका त्याचीच होईल ना? (वाशी)

नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो; मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. पुतण्यालाच द्यायची असेल तर वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या.

मुलगा म्हणतो, मृत्युपत्रावरून पुढे भांडणे होतात. एजंटही दोनशे रुपयांच्या मुद्रांकात बक्षीसपत्र होते म्हणून घाई करतो आहे. सही करू का? (नौपाडा)

इतक्यात करू नका. मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते; बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर त्याच दिवशी तुमचे राहत नाही. राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे हे खरे. पण स्वस्त पडते म्हणून कोणी छप्पर देऊन टाकत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. मात्र ती अट असल्याचे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. 2025 च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला असला, तरी त्या भरवशावर कोऱ्या मनाने सही करू नये. एजंटांच्या छापील मसुद्यात ही अट बहुधा नसतेच, आणि 'मुलावर विश्वास नाही का' या एका प्रश्नापुढे आईवडील गप्प बसतात. अट लिहून घेणे हा अविश्वास नव्हे. तहहयात राहण्याचा हक्क आणि औषधपाण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, आणि मसुदा मुलाने आणलेल्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या वकिलाला दाखवा.

माझे वय 72. मुलगा दोन वर्षे खर्चाला पैसे देत नाही. वकिलाची फी परवडत नाही. (ऐरोली)

दोन वर्षे फार झाली. वर सांगितलेल्या 2007 च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निर्णय अपेक्षित असून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. जाताना वयाचा पुरावा, मुलाचा पत्ता आणि औषधांची बिले सोबत न्या.