आईने घर पाहिलंय का?

ताई,
माझे आई-बाबा साताऱ्यात शनिवार पेठेतल्या जुन्या घरात राहतात. बाबा 79, आई 73. दोघांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. आम्ही भावंडांनी पुण्यात वारज्याला, माझ्याच सोसायटीत, दोन बेडरूमचा एक रिकामा फ्लॅट बघून टोकन दिलं. साताऱ्याचं घर विकून बाकीचे पैसे द्यायचे आहेत. दोघांना दगदग नको म्हणून त्यांना थेट वास्तुशांतीलाच दाखवणार आहोत, मुहूर्तही धरलाय. सुट्टी मिळाली की मी जाऊन आवराआवर करते. मी खोकी भरते, आई रात्री ती उघडते. मोठी परात, चौदा पाट, लोणच्याच्या बरण्या, पाटा-वरवंटा. आज 'देऊन टाक' म्हणते, उद्या परत माळ्यावर. बाबा झोपाळ्यावर बसून असतात. 'तिथे कड्या आहेत का?' एवढंच एकदा विचारलं. भाऊ बेंगळुरूहून फोनवर सूचना देतो. मागच्या खेपेला मी आईवर ओरडले. हा वस्तूंचा मोह कसा सोडवायचा?
– दमलेली लेक, वारजे

अगं,
पाट, परात, बरण्या यांच्यावर तू भरभरून लिहिलंस. 'थेट वास्तुशांतीलाच दाखवणार' हे मात्र एका वाक्यात उरकलंस. मी तिथेच अडले. आईने अजून घर पाहिलेलंच नाही! साधी साडी घेतानाही दुकानदार पदर उलगडून दाखवतो. आणि ज्या घरात उरलेलं आयुष्य काढायचं ते तिने पूजेच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत, पहिल्यांदा बघायचं?

ती खोकी उघडते त्याला तू मोह म्हणतेस. मला त्यात हिशेब दिसतो. स्वयंपाकघर केवढं, ओट्याखाली खण किती, माळा आहे की नाही, ऊन कुठल्या गॅलरीत येतं, यातलं काही माहीत नसताना कुठली परात न्यायची हे कुठल्याही शहाण्या बाईला ठरवता येणार नाही. तू मागे लागतेस म्हणून ती दिवसा हो म्हणते. रात्री पडल्या पडल्या वाटतं, तिथे लागली तर? मग उठून खोकं उघडते. सगळं आयुष्य घर चालवलेल्या बाईला तू डोळे बांधून संसार निवडायला लावलंस आणि ती अडखळली की ओरडलीस. दमली असशील, मान्य. पण ही दमणूक तुम्ही भावंडांनी ओढवून घेतली आहे.

बाबांचंही तेच. कड्यांचं त्यांनी विचारलं, त्यावर तू काय सांगितलंस? पत्रात तरी दिसत नाही. जुन्या घरात झोपाळा लाकडी तुळईला टांगलेला असतो. फ्लॅटमध्ये बीम कुठून गेलाय ते पाहावं लागतं, जाणत्या माणसाला विचारावं लागतं. नाही जमलं तर स्टँडचा झोपाळा येतो, पण त्याला हॉलमध्ये जागा हवी. सरळ प्रश्न होता, त्याला सरळ उत्तर मिळालं असतं. एकदा विचारून ते गप्प बसले याचं तुला काहीच वाटलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

आणि पैसे त्यांचेच आहेत ना? मग करारनामाही त्यांच्याच नावाने करा, 'सोयीसाठी' तुझ्या किंवा भावाच्या नावाने नको. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत दुसरं घर विकत घ्यावं लागतं, आणि ते विकणाऱ्याच्या नावावर नसेल तर सवलत वादात सापडते. साताऱ्याचं घर कोणाच्या नावावर आहे ते काढून सीएला विचारून घे. म्हणजे सही त्यांनीच करायची, न पाहिलेल्या घरावर.

दगदगीचं कारण मला पटत नाही. सातारा ते वारजे साधारण 110 किलोमीटर. वाटेत शिरवळला गाडी थांबवली, पाय मोकळे केले, चहा घेतला, तर दोघांना झेपेल असा प्रवास आहे. कायमचं हलायचं तेव्हा याच रस्त्याने आणणार आहेस की! त्यांनी घर पाहून 'नको' म्हटलं तर काय, ही तुमची खरी भीती आहे. पण ते 'नको' वास्तुशांतीनंतर कळलं, तर ते ऐकून तुम्ही काय करणार आहात?

येत्या शनिवारी दोघांना घेऊन ये. रात्री तुझ्याकडेच मुक्काम. फ्लॅट दुपारी दाखव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, म्हणजे ऊन, वारा, शेजारचा आवाज, सगळं कळेल. मेजरिंग टेप आईच्या हातात दे. तिला ओट्यापाशी उभी कर. तिच्या उंचीला ओटा उंच पडत असेल तर आत्ताच कळू दे. पाट कुठे राहतील ते तिला मोजू दे. तिचं लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असेल तर ते कुठल्या भिंतीला लागेल, लिफ्टमधून येईल का, तेही बघा. बाबांना बेडरूमपासून बाथरूमपर्यंत चालू दे. उंबरा किती उंच, फरशी ओली झाल्यावर घसरते का, कमोडशेजारी धरायला दांडा कुठे हवा, हे त्यांचं शरीर सांगेल. तो दांडा ते राहायला यायच्या आधी बसला पाहिजे. आणि बोलण्याचा मोह आवर. 'बघ ना, किती छान उजेड आहे' असं म्हणत फ्लॅट विकायला निघालेल्या एजंटासारखी त्यांच्या मागे फिरू नकोस.

मग साताऱ्याला परत गेल्यावर तू खोक्यांना हात लावू नकोस. आता आईकडे मापं आहेत. काय न्यायचं ते ती सांगेल, तू उचल. चौदातले चार पाट येतील, परात कदाचित शेजारी जाईल. कोणाला काय द्यायचं तेही तीच ठरवेल. पाटा-वरवंटा आणायचा म्हणाली तर आण. जड आहे, पण उचलायला हमाल मिळतात.

आज संध्याकाळी भावाला फोन कर. मुहूर्त पुढे ढकललाय, असं त्याला सांग, विचारू नकोस. आई-बाबांना घर पसंत पडलं नाही तर टोकन सोडून द्यायचं, एवढं मात्र ते साताऱ्याहून निघायच्या आधी त्याच्याकडून कबूल करून घे.