जर्मनीत बेकारी भत्ता नाकारला तर: आधी एक ओळ, कारणं मागाहून

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) जर्मनीत आल्यावर नोकरी गेली आणि बेकारी भत्ता नाकारला, तर दाद मागता येते का, असं तुम्ही विचारलंय. येते, आणि फीही लागत नाही. मात्र मागच्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारी विम्याची वर्गणी भरलेली हवी. तीच नसेल तर भांडण्यात बहुधा अर्थ नाही.

खरे वाद होतात ते 'श्पेरत्साइट'वरून, म्हणजे भत्ता रोखून धरण्याच्या काळावरून. स्वतः राजीनामा दिला, किंवा कंपनीने पुढे सरकवलेल्या 'आउफहेबुंग्सफरट्राग'वर (संमतीने नोकरी संपवण्याच्या करारावर) सही केली, की साधारण १२ आठवडे भत्ता बंद. हे आठवडे नुसते पुढे ढकलले जात नाहीत, एकूण मुदतीतला किमान चौथा हिस्सा कायमचा जातो. तेव्हा सही करायची घाई नको.

नकाराच्या पत्राला 'बेशाइड' म्हणतात. त्याच्या शेवटी दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची ते छापलेलं असतं: मुदत एक महिना. पोस्टाने पाठवलेलं पत्र चौथ्या दिवशी पोचलं असं धरतात, पण त्या चार दिवसांच्या भरवशावर राहू नका, पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा. मुदतीत 'वीडरश्प्रुख', म्हणजे लेखी हरकत, रोजगार कार्यालयाकडे द्यायचा. त्यात त्या कार्यालयाने दिलेला ग्राहक क्रमांक, बेशाइडची तारीख, 'या निर्णयाला माझा वीडरश्प्रुख आहे, कारणं नंतर पाठवतो' एवढं वाक्य आणि सही, बस्स. कारणं जुळवण्यात महिना घालवणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक साध्या ईमेलची. ती चालत नाही. कार्यालयात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर पोचशिक्का घ्या, किंवा पोचपावतीच्या टपालाने पाठवा.

मग कार्यालयाकडची आपली फाइल पाहायला मागा. कंपनीने भरलेल्या 'आर्बाइट्सबेशाइनिगुंग'मध्ये (नोकरीच्या दाखल्यात) नोकरी संपल्याचं कारण चुकीचं नोंदलेलं असू शकतं. तसं असेल तर कंपनीकडून ते दुरुस्त करून घ्या. राजीनामा तब्येतीमुळे दिला असेल तर डॉक्टरचं तेव्हाचंच पत्र लागतं, नंतर आणलेल्याला वजन कमी. कंपनी त्याच तारखेला काढणारच होती, असं असेल तर तसं लेखी मिळवा.

तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर 'उंटेटिगकाइट्सक्लागे', म्हणजे कार्यालय काहीच करत नाही म्हणून दावा, लावता येतो. वीडरश्प्रुख फेटाळला तर पुन्हा एका महिन्यात सोत्सियालगेरिख्टमध्ये (सामाजिक विम्याचे वाद पाहणाऱ्या कोर्टात) दावा. तिथेही विमाधारकाला कोर्ट फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. नोकरीवरून काढण्यालाच आव्हान द्यायचं असेल तर ते वेगळं कोर्ट, आर्बाइट्सगेरिख्ट (कामगार कोर्ट), आणि तिथे नोटीस हातात पडल्यापासून फक्त तीन आठवडे.