टियागो ईव्ही घेतोय, घरच्या मीटरवरच चार्ज करू की ईव्हीचं वेगळं मीटर घेऊ?

तुम्ही लिहिलंय खानापूरला घर, दीडशेच्या आसपास युनिट, गृहज्योतीचं (कर्नाटक सरकारची महिन्याला 200 युनिटांपर्यंत फुकट विजेची योजना) झिरो बिल येतंय आणि गाडीनं रोज बेळगावला जा-ये. मग वेगळं मीटरच घ्या, आणि कारण गाडी नाही, ते झिरो बिल आहे.

बघा की, महिन्याला 1300 किमी धरले, युनिटला सातेक किमी, वर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज, म्हणजे गाडीच एकटी 200 युनिट खाणार. गृहज्योतीत 200 च्या आत राहिलात तर तुमच्या घराला ठरवून दिलेल्या फुकट युनिटांच्या वरचेच पैसे लागतात, पण 200 ओलांडले की सगळं बिल अंगावर, फॅन-फ्रिजची फुकटातली युनिटंपण त्यातच आली. 2024 च्या दरपत्रकात घरगुतीला युनिटमागं 5.90 रुपये आणि ईव्हीला 4.50 होते, त्या हिशोबानं घर नि गाडी मिळून 350 युनिटांचं बिल स्थिर आकार (वीज वापरा न वापरा, दरमहा लागणारे पैसे) नि टॅक्स धरून अडीच हजारांच्या वर जातं. वेगळ्या मीटरवर तीच गाडी बाराशे-तेराशेत बसते आणि घरचं झिरो तसंच राहतं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रानं नियम बदललाय, ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, त्यामुळं हेस्कॉमच्या (आपल्याकडची वीज कंपनी) सेक्शन ऑफिसात कोण नाही म्हणाला तर हे सांगा.

पण ज्यांचं बिल आधीच 200 च्या वर आहे त्यांनी ह्या भानगडीत पडू नये, युनिटमागं वाचलेले पैसे दुसऱ्या मीटरच्या स्थिर आकारातच जातात. आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्यानंपण नको.

कोल्हापूरचा मित्र दिवसा चार्ज कर म्हणतो ते त्याच्यापुरतं बरोबर, तिकडं महावितरण स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा सवलत देतं. आपल्या हेस्कॉमच्या घरगुती दराला दिवसरात्र एकच भाव.

आणि शोरूमवाला 7.2 किलोवॅटचा चार्जर गळ्यात मारंल, घेऊ नका. त्याच्यासाठी लोड (मीटरला मंजूर असलेले किलोवॅट) वाढवावा लागतो आणि स्थिर आकार किलोवॅटवर असतोय, गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा. 15 अँपिअरच्या प्लगवर रात्रीत फुल होते. त्या पैशात अर्थिंग नवीन मारून घ्या, जुन्या घरांत ती बहुतेक नावालाच असते, आणि मीटरपासून प्लगपर्यंत वायर वेगळी ओढा, गिझरच्या लाईनीवर जोडू नका.


बिल कन्नडमध्ये येतंय म्हणून न बघता ठेवू नका, मागचे बारा महिन्यांचे युनिट काढा आणि मगच अर्ज टाका.