भाऊ खाटेवर, जाऊ वावरात

आर्णी तालुक्यातून एका बहिणीचं पत्र आलंय. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"माझा भाऊ २२ वर्षांचा आहे. १९ व्या वर्षी अमरावतीला बीएस्सी करत असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. होस्टेलची पोरं मोबाइलमधून माझं बोलणं ऐकतात, म्हणायचा. आठ महिने आम्ही बाहेरचं पाहत फिरलो, मग दवाखाना केला. आवाज थांबले, पण दोन वर्षं झाली, तो खाटेवरच आहे. आंघोळीलाही सांगावं लागतं. विड्या ओढतो, खर्रा खातो. माझ्या मोठ्या जावेला गेल्या दिवाळीत, ३१ व्या वर्षी, असंच झालं. जेवणात विष घातलंय म्हणायची. तिला पंधरा दिवसांत यवतमाळला नेलं. सहा महिन्यांत ती चुलीपाशी आली, आता निंदायलाही जाते. आई म्हणते, 'थे बाईची जात असून उभी झाली, अन् आपला पोट्टा अजून खाटेवरच.' आईला त्याचं लग्न करून द्यायचंय. इकडे जावेची चार महिन्यांपासून पाळी नाही, अंगही सुटलंय. सासू म्हणते, 'बरी झाली नं, मंग गोया कायले खायाच्या?' मावशी, एकाच आजारात एवढा फरक का? आणि मी दोन्ही घरी काय सांगू?"

ताई, तुमच्या आईचं ते वाक्य वाचून मला दोघांचीही काळजी वाटली. भाऊ आळशी आहे असं मला वाटत नाही. आणि जाऊ बरी झाली, हे तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तिला कोणी विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही.

आधी भावाचं. सायकोसिसचा आजार, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटा संशय खराच वाटणं, पोरांना बहुधा अठरा ते पंचविशीच्या दरम्यान गाठतो, बायकांना त्यानंतर काही वर्षांनी. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या वयात, पंचेचाळीस-पन्नाशीला, तो पुन्हा थोडा वाढलेला दिसतो. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूला काही प्रमाणात सांभाळत असावं, असं डॉक्टर मानतात. पण मला आजार गाठतो त्या वयाचंच मोल जास्त वाटतं. तुमच्या जावेला आजार झाला तेव्हा तिच्या हाताला दहा वर्षांच्या संसाराची सवय होती. कणीक मळणं, धुरा ओलांडून वावरात जाणं, पोरांच्या वेण्या घालणं हे हातांनाच पाठ होतं. ती परत आली ती ओळखीच्या कामावर. तुमच्या भावाला आजाराने १९ व्या वर्षी उचललं. कॉलेज अर्धं, हातात कसब नाही, मित्र पांगले. त्याने परत यायचं ते कशावर?

दुसरं, आवाज आणि संशय यांच्यावर गोळ्या चांगल्या चालतात. पण या आजाराची आणखी एक बाजू असते: उत्साह आटतो, बोलणं कमी होतं, चेहरा कोरा पडतो, अंग धुवावंसंही वाटत नाही. ही बाजू पुरुषांमध्ये जास्त दिसते आणि गोळ्यांचा तिच्यावर फारसा जोर चालत नाही. बायकांना त्यापेक्षा उदासी आणि धास्ती जास्त छळते. खाटेवर पडलेला पोरगा साऱ्या गावाला दिसतो, रात्रभर जागी असलेली सून कोणालाच दिसत नाही.

तिसरं, आठ महिने आणि पंधरा दिवस. उपचाराला जितका उशीर, तितकी नंतरची चढण अवघड. हा फरक बाई-पुरुषाचा नाहीच. शिवाय दोघांचा आजार एकच आहे हेही धरून चालू नका. जावेसारखा अचानक उसळून लवकर ओसरणारा प्रकारही असतो. आईला त्या आठ महिन्यांवरून टोचू नका. त्या काळात आपल्याकडची बहुतेक घरं तेच करतात, तेही लेकराच्या मायेपोटीच.

आता जावेकडे येते, कारण मला तिची जास्त धास्ती वाटते. पहिल्या काही वर्षांत बायका पुरुषांपेक्षा लवकर सावरतात, हे देशोदेशीच्या अभ्यासांत दिसलंय. पुढे वर्षं सरतात तसा हा फरक कमी होत जातो. आणि सावरणं मोजायचं तरी कशाने? आपल्याकडे सून भाकरी थापायला लागली की ती बरी झाली. माझ्या लहानपणी आमच्या शेजारची एक काकू रोज पहाटे सडा-रांगोळी करायची, अन् त्याच वेळी तिला शिव्या देणारे आवाज ऐकू यायचे. हे तिने कित्येक वर्षांनी सांगितलं, कारण तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. बाईला काम सोडून पडून राहायची मुभाच नसते, म्हणून ती उठते.

तेव्हा निंदताना दोघींच्या ओळी शेजारी लागल्या की विचारा: "झोप येते का? अजून जेवणाची भीती वाटते का? जीव नकोसा होतो का?" असं विचारल्याने मनात नसलेलं काही शिरत नाही. ती हो म्हणाली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

गोळ्या मात्र तिने परस्पर सोडायच्या नाहीत. पहिल्या झटक्यानंतर निदान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवतात. किती ते तिचे डॉक्टर ठरवतील. मध्येच सोडलं की आजार उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो. पण तिची पाळी थांबलीय, अंग सुटलंय, या तक्रारी खऱ्या आहेत. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइडसारख्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्याने पाळी थांबते, कधी छातीतून दूधही येतं. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. पुरुष डॉक्टरांसमोर, नवरा शेजारी बसलेला असताना, बायका हे सांगतच नाहीत. तुम्ही सोबत जा आणि तुम्ही सांगा. पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असंही समजू नका. आधी तपासणी करून घ्या. चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएट नावाचं औषध असेल तर हे फार तातडीचं आहे, कारण पोटातल्या बाळाला त्याने व्यंग येऊ शकतं. पुढे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाळंतपणानंतरचे आठवडे अशा बाईला जोखमीचे असतात.

भावाच्या विड्यांचंही डॉक्टरांना सांगा. तो ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेत असेल तर विडीच्या धुराने ते औषध शरीरातून लवकर निघून जातं. उद्या त्याने विडी एकदम सोडली तर तीच मात्रा जास्त होऊ शकते. हे धुराचं काम आहे, खर्ऱ्याने तसं होत नाही. खर्रा तोंडाची वाट लावतो, ते वेगळं.

लग्नाला माझा ठाम नकार आहे. लग्नाने हा आजार बरा होत नाही. लपवून केलं तर ती फसवणूक आहे आणि हिंदू विवाह कायद्याखाली त्यावरून लग्न रद्द होऊ शकतं. पण कायद्याचं राहू द्या. येणारी पोरगी कोणाची तरी बहीणच असेल. आजारी पोराचं लग्न लावतात आणि आजारी सुनेला माहेरी पाठवतात, ही आपली रीत मला सहन होत नाही. चेन्नईच्या डॉ. आर. थारा यांनी स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचाच एक लांबणारा आजार) असलेल्या आणि संसार मोडलेल्या बायकांचा अभ्यास केला. त्यात आजाराच्या कलंकापेक्षा नवऱ्याने टाकल्याचा कलंक त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना जास्त बोचत होता. तुमच्या जावेला आज घर आहे. ते राहावं यासाठी दिराशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, तुमच्या नवऱ्यानेच बोललेलं बरं.

भावाला "वावरात चाल" म्हणू नका. दोन शेळ्या द्या, रोज त्याच वेळी, अर्धा तास. ते जमलं की महिन्याने पाऊण तास. आंघोळीचंही तसंच: पाणी काढून ठेवा, एकदा सांगा, बास. ज्या घरात सारखं बोलणं खावं लागतं तिथे आजार जास्त उलटतो. आईला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमचं ती ऐकणार नाही. या गोळ्यांनी शरीराला ऊन सोसत नाही, म्हणून आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी त्याला बाहेर काढू नका.

आणि हे आजच करा. दोन्ही घरातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. या आजारात पहिली काही वर्षं जिवाला सर्वांत जास्त धोका असतो, आणि आपल्याकडे विष कोपऱ्यातच पडलेलं असतं. भावाला फवारणीला तर पाठवूच नका.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा सरकारी आहे, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग कुठे आहे ते विचारा. जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता, आजारी माणसानेच करावा असं नाही.

पोळ्याला माहेरी जाल तेव्हा आईजवळ लग्नाचा विषय काढा, त्याआधी नको. जावेशी मात्र याच आठवड्यात बोला, आणि ती काय म्हणाली ते मला कळवा.

— तुमची मावशी